यंदा पाखरं तुम्ही राखा

दौंड
२० जून २०२३

आप्पांना सुषमाचा नमस्कार.

कोण सुषमा, म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. तुमच्या पुतण्याची, संपतरावांची बायको. ह्यांच्या दहाव्याला तुम्ही आला होतात, त्याला आता चार वर्षं झाली. त्यानंतर आपली गाठ नाही. मी तीनदा फोन केला. तुम्ही उचलता, "हॅलो, हॅलो" करता आणि ठेवून देता. चौथ्यांदा करायची हिंमत झाली नाही, म्हणून पत्र लिहिते. पत्र काही तुम्ही मध्येच ठेवून देणार नाही.

एक विचारायचं होतं. रेल्वेचं क्वार्टर सोडून मी गोपाळवाडी रस्त्याला घर घेतलं. दोन खोल्या आणि पुढं वीस बाय पंधराचं अंगण. क्वार्टरच्या मागं मोठा उंबर होता. हे ड्यूटीवरून येऊन झोपायचे आणि पाखरं त्यांना झोपू द्यायची नाहीत. मी दार उघडून शिव्या घालायचे. इथं आता निवांत आहे. सकाळी सातला जाग येते आणि नऊपर्यंत कसलाच आवाज येत नाही. कुकर लावला की शिट्टी होते, तेवढीच.

तर हिवाळ्यात पाखरांना खायला मिळेल अशी फळांची झुडपं मला अंगणात लावायची आहेत. पावसाळ्यात त्यांना किडे-मुंग्या असतात, हिवाळ्यात हाल होतात असं वाचलं. पाटस रस्त्याचा नर्सरीवाला म्हणाला, करवंद लावा. माझे वडील रेल्वेत गार्ड. मनमाड, भुसावळ, दौंड, सगळा जन्म रुळांच्या कडेला गेला. मला सिग्नल ओळखता येतो, झाड नाही. तुम्ही मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलात. तुम्ही सांगाल ते लावते.

सुषमा


कवठे येमाई
२ जुलै २०२३

सुषमाबाईंना आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. कोकणात मेंढरं घेऊन उतरायचो तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांची घरची पत्रं मीच लिहायचो, कारण सातवी झालेला मी एकटा. तेव्हापासून मला कुणी पत्र लिहिलं नव्हतं. आणि आलं ते असलं. झुडूप बघितलं की मेंढराला चालतं का, एवढंच मी बघत आलो. पाखराला काय चालतं हे मला आजवर कुणी विचारलं नाही.

तुमच्या नर्सरीवाल्याला सांगा, करवंद वैशाखात पिकतं. हिवाळ्यात पाखरांनी काय त्याचे काटे खायचे?

बोर लावा, पण बारक्या फळाची, रानची. ती यायला वेळ घेईल. पांढरफळी लावा. काटेरी असते, पण थंडीच्या तोंडाला मोत्यासारखी फळं लगडतात. आणि कामोणी. ती तर लावायचीही गरज नाही, आपली आपण उगवते, माणसंच तण म्हणून उपटतात. काळी फळं येतात, बुलबुल सोडत नाही. घाणेरी मात्र तुम्ही नका लावू म्हणालो तरी येईलच. माझा पप्पू पुढच्या शनिवारी कंपनीचा टेम्पो घेऊन कुरकुंभला येतोय. त्याच्याकडं पोत्यात मुळासकट पांढरफळी आणि बोरीची दोन रोपं देतो.

फोनचं म्हणाल तर वस्तीवर रेंज नाही. पत्रच बरं.

भैरू


दौंड
१४ जानेवारी २०२४

आप्पा, तिळगूळ घ्या. डबी पोस्टानं पाठवते आहे, फुटली तर चुरा खा.

झुडपांचं सांगायला सहा महिने घेतले, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. कामोणी शेजारची शेळी खाऊन गेली. एक बोर वाळली. दुसरी वीतभर आहे आणि वीतभरच राहायचं तिनं ठरवलेलं दिसतं. पांढरफळी जगली, पण फळ एकही नाही. मग अंगणात कोण येणार? कुणी आलं नाही. मी रोज सकाळी खुर्ची टाकून बसते. समोरून जाणारा पेपरवाला आता हात करतो, त्याला वाटतं मी त्याचीच वाट बघते.

अंकिता हैदराबादहून दर रविवारी फोन करते. म्हणते, आई, घर विक आणि इकडं ये. मी म्हणते, बघू. तिच्याकडं दहाव्या मजल्यावर मी काय करू? इथं निदान माती आहे.

तुमची ज्वारी कशी आहे?

सुषमा


कवठे येमाई
११ फेब्रुवारी २०२४

सुषमाबाई,

चुरा खाल्ला. गोड होता.

झाडाला पहिलं वर्ष मुळाचं असतं. दुसऱ्या वर्षी बोलावं. कामोणीला बोरीची वाळकी फांदी आडवी टाका, शेळी तोंड घालणार नाही. धुण्याचं पाणी वाया घालवू नका, झुडपाला द्या, फक्त साबणाचं पहिलं पाणी नको.

ज्वारीचं विचारलंत. यंदाही घरात आली नाही. कडबा निघाला, दाणा नाही. सलग दुसरं वर्ष. पप्पू म्हणतो, आणखी एक साल बघतो. पुढच्या सालीही ज्वारी पदरात पडली नाही, तर जमीन हौसरावांना वाट्यानं देणार आणि मला रांजणगावला त्याच्या खोलीवर नेणार. हौसराव शेजारचे बागायतदार, त्यांची नजर आमच्या अडीच एकरावर आहेच. पप्पूचं चुकत नाही. बाप एकटा रानात राहतो, त्याला घोर लागतो. पण खोली चौथ्या मजल्यावर आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षं मी जमिनीवर झोपलो. मला इथंच मरायचं आहे. हे त्याला बोललो नाही, तुम्हाला लिहितो.

भैरू


दौंड
२२ सप्टेंबर २०२४

आप्पा,

तुमच्या तोंडात साखर पडो. दुसऱ्या वर्षी झुडूप बोललं! पांढरफळी माझ्या खांद्याला लागली आणि बारीक हिरव्या मण्यांनी भरली आहे. कामोणीची सात रोपं आहेत, सातही बोरकाटीच्या बंदोबस्तात. घाणेरी कुंपणाबाहेरून आत आली, तुम्ही म्हणालाच होता. मी तिला राहू दिलं. न बोलावता का होईना, कुणीतरी आलं.

मला फार आशा लागली आहे आप्पा. हसू नका. यंदा ती आली नाहीत तर मी अंकिताकडं जाईन, असं मनाशी ठरवलं आहे. पाखरांवर घर सोडायचं ठरवणारी मीच पहिली असेन.

पेरणी झाली का? देव करो, यंदा तुमची ज्वारी घरात येवो.

सुषमा


कवठे येमाई
१० नोव्हेंबर २०२४

सुषमाबाई,

पेरणी झाली. दसऱ्याच्या आधीच केली. ज्वारी गुडघ्याच्या वर आहे, काळीभोर. असं पीक चार वर्षांत आलं नव्हतं. बघून भीती वाटते.

एक मागणं आहे. मला मागायची सवय नाही, म्हणून तीन दिवस कागद पुढं घेऊन बसलोय. यंदा पाखरं तुम्ही राखा. चंपाषष्ठीपासून संक्रांतीपर्यंत, तेवढेच दिवस. बाकीचं माझं मी बघतो. पाखरांचं मात्र माझ्याच्यानं आता होत नाही. तुम्हाला जाण आहे, त्यांची आवड आहे, दिवसभर बसायची सवयही आहे. नाही म्हणू नका. कबूल असेल तर एका ओळीचं कार्ड टाका, म्हणजे मी दुसरीकडं बघणार नाही.

भैरू


दौंड
१६ नोव्हेंबर २०२४

आप्पा,

कबूल, कबूल, कबूल. एका ओळीत तीनदा लिहिलं.

चंपाषष्ठी ते संक्रांत म्हणजे तुमच्यात खंडोबाचं काही असणार, हे माझ्या लक्षात आलं. ह्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण रेल्वेत गेल्यावर त्यांचं पुष्कळ सुटलं होतं. तुम्ही इतकी वर्षं मेंढरं राखलीत, आता माझ्याकडून पाखरं राखून घेताय, ह्याचा मला मान वाटतो. एकही दिवस चुकणार नाही. खंडोबाची शपथ.

सुषमा


कवठे येमाई
२३ नोव्हेंबर २०२४

सुषमाबाई,

कार्ड मिळालं. जीव भांड्यात पडला. पप्पूलाही सांगितलं, यंदा काळजी नाही.

भैरू


कवठे येमाई
१४ डिसेंबर २०२४

सुषमाबाई,

पाखरं उतरली. वाट बघतोय.

भैरू


दौंड
२० डिसेंबर २०२४

आप्पा, आप्पा,

इथंही उतरली!

तुमचं कार्ड हातात होतं आणि समोर पांढरफळी हलत होती. आधी एक बुलबुल आला. मग जोडी झाली. दुसऱ्या दिवशी साळुंक्या, कामोणीवरून त्यांची भांडणं. मी चंपाषष्ठीपासून रोज सकाळी सहाला अंगणात असते. मांजर आलं की उठवते, पोरं दगड घेऊन आली की ओरडते, परातीत पाणी भरून ठेवते. सांगितल्याप्रमाणं राखते आहे, एक दिवस चुकलेला नाही.

आणि परवा तर नवेच पाहुणे. मैनेएवढे, अंग फिकं गुलाबी, डोकं आणि पंख काळेभोर, डोक्यावर झुलपं. आठ-दहा एकदम आले, आणि काय तो कलकलाट! लग्नघरात बायका बोलतात तसा. मी चहा गॅसवर विसरले. काय म्हणतात त्यांना? तुमच्याकडं आहेत का? असतील तर तुम्ही किती भाग्यवान. तुम्ही वाट बघतोय लिहिलंत म्हणून पत्र लगेच टाकते आहे.

अंकिताला सांगून टाकलं, मी येत नाही.

सुषमा


दौंड
१६ जानेवारी २०२५

आप्पा,

तिळगूळ पाठवला होता, पोचला का? पत्राला महिना होत आला, उत्तर नाही. फोन लावला, तो बंद आहे. तब्येत बरी आहे ना? ज्वारी काढणीला आली असेल, त्या गडबडीत असाल असं समजते.

संक्रांत झाली, म्हणजे माझं राखणं संपलं. पण मी सुरूच ठेवलं आहे. तुमची हरकत नसावी.

दोन ओळी टाका. रोज पोस्टमनकडं बघून मान खाली घालायचा कंटाळा आला.

सुषमा


रांजणगाव, पप्पूच्या खोलीवरून
४ फेब्रुवारी २०२५

सुषमाबाई,

तुमचं संक्रांतीचं पत्र पप्पूनं कवठ्याहून आणून दिलं. उत्तर लिहायला उशीर केला. राग होता, खोटं कशाला बोलू? आता नाही. तुमची काही अडचण झाली असेल. दौंड सोडून दीड महिना परक्या वस्तीवर येऊन राहणं बाईमाणसाला सोपं नाही, हे मलाच कळायला पाहिजे होतं. तुम्ही कबूल केलंत म्हणून मी मजुरीवर राखणीला येणाऱ्या म्हाळूला नको सांगितलं. तो मग हौसरावांच्या रानात गेला. खोली सारवून घेतली होती, नवी चटई आणली होती. चंपाषष्ठीपासून रोज दोन्ही वेळेला एसटीच्या थांब्यावर जात होतो. मग तुमचं पत्र आलं की तुम्ही दौंडातच आहात, मजेत आहात. त्या दिवसापासून थांब्यावर गेलो नाही.

एक गोष्ट लपवली ती सांगतो. मला तीन वर्षांपासून ऐकू येत नाही. फोनला रेंज नव्हती हे खोटं. तुम्ही पलीकडं बोलत होता, मला काही कळत नव्हतं. लाज वाटायची. पाखरं नुसत्या डोळ्यांनी राखता येत नाहीत, कान लागतो. वावरातल्या माळ्यावर गोफण घेऊन उभं राहिलं तरी थवा पाठीमागून उतरतो. पूर्वी पंखांच्या आवाजावर मी वळायचो. आता वळेपर्यंत अर्धं वावर रिकामं. पुतळाबाई शेजारून हाका मारायच्या, "आप्पा, मागं बघा! मागं!" मी त्यांच्याकडंच बघून हसायचो. ही दोन वर्षांची ज्वारी अशी गेली. तिसरी तशीच गेली. म्हणून मला तुमचे कान पाहिजे होते.

त्या गुलाबी अंगाच्या पाखराचं नाव भोरडी. माझ्याकडं तुमच्या आठ-दहा नव्हत्या, हजार-दीड हजार होत्या.

जमीन हौसरावांकडं गेली. मी इथं आहे. जेवणखाण ठीक आहे.

भैरू


दौंड
१० फेब्रुवारी २०२५

आप्पा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि काही कळेना. मी तर राखली होती! येऊन राहायचं कुठं ठरलं होतं? मग तिसऱ्यांदा वाचताना गोफणीपाशी अडकले. तरी वाटलं, माझं चुकत असेल. बाजारात गेले. इनामगावच्या सिंधूबाई भाजी घेऊन बसतात, त्यांना विचारलं, "सिंधूबाई, पाखरं राखायची म्हणजे काय करायचं?"

"म्हंजी हाकलायची!" त्या म्हणाल्या. "गोफणीनं. न्हाईतर कणसात दाणा ऱ्हाईल व्हय?"

"पण मेंढरं राखायची म्हणजे सांभाळायची ना? मग पाखरं राखायची म्हणजे…"

"आवो बाई, मेंढरं आपली असत्यात. पाखरं कवा आपली झाली?"

त्या हसल्या. आजूबाजूच्या दोघी हसल्या. मी मेथीची जुडी तिथंच ठेवून घरी आले.

आप्पा, मी तुमचं रान घालवलं. तुम्ही थांब्यावर उभे होता आणि मी इथं परातीत पाणी भरत होते. तुमच्या ज्वारीवर बसलेल्या पाखरांना मी भाग्य म्हटलं. तुम्ही वाट बघतोय लिहिलंत आणि मी पत्राची वाट समजले. मला कुणी बोलावलं असेल, माझी कुणाला गरज असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. इतकी वर्षं कुणी बोलावलं नाही, त्याची सवय झाली होती.

पप्पूभाऊजींना लगेच फोन केला. सगळी चूक माझी म्हणून सांगितलं, पुढच्या साली मी स्वतः येऊन राहते म्हणाले. ते म्हणाले, "वैनी, आता काय उपेग? हौसरावांना तीन सालाचा सबूद दिलाय. आन् आप्पांना एकटं रानात ठिवायला माझाच जीव होत न्हाई." ते रडवेले झाले होते.

मला माफ करा असं म्हणायला तोंड नाही. तरी म्हणते. आणि एकदा इथं या. रांजणगावहून शिरूर, शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुला. चौफुल्याला मी उभी राहीन, या वेळी मी उभी राहीन. तुम्ही दिलेली झुडपं तरी बघून जा.

सुषमा


रांजणगाव
१८ फेब्रुवारी २०२५

सुषमा पोरी,

आता तुम्ही-बिम्ही पुरे.

पत्र वाचून आधी हसलो, इतका की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं ठसका लागला. मग पप्पूला वाचायला दिलं. तो हसला नाही, उठून गॅलरीत गेला. माझा राग उगाच होता, हे कळून मला किती बरं वाटलं ते तुला सांगता येत नाही. रान गेल्याचं दुःख आहेच. पण तू शब्द मोडलास, हे जास्त लागलं होतं. तू तर शब्द पाळला होतास, फक्त उलटीकडून.

चूक माझीही आहे. सरळ लिहायला पाहिजे होतं, की ये, मी बहिरा झालोय आणि मला एकट्याला भीती वाटते. ते लिहायचं सोडून पाखरांचं लिहीत बसलो.

इथं गॅलरीला कबुतरांसाठी जाळी मारली आहे. सकाळी सगळे कामावर जातात. मी जाळीपाशी बसतो आणि कंपनीच्या गाड्या मोजतो. संध्याकाळी पप्पू येऊन विचारतो, "आप्पा, काय म्हणता?" मी म्हणतो, "मजेत हाय." त्याला ते ऐकायचं असतं.

दोन मार्चला रविवारी येतो. पप्पू शिरूरला गाडीत बसवून देईल. मला एक सांगायचं आहे. पाखरू म्हटलं की मी त्याला उडतानाच बघितलं. बसलेलं, खाताना, नीट असं कधीच बघितलं नाही. तुझ्याकडं बघेन. मला ऐकू येणार नाही, तेव्हा आलं की बोट करून दाखव.

आप्पा


रांजणगाव
४ मार्च २०२५

सुषमा पोरी,

सुखरूप पोचलो. तुझ्या भाकरी सुनेला आवडल्या.

गाडीत बसल्यापासून मन खात होतं, म्हणून हे लिहितो. सोमवारी सकाळी तू सहा वाजल्यापासून माझ्याशेजारी बसून होतीस. मला शाल दिलीस, चहा हातात दिलास. बुलबुल आला, तू बोट केलंस, मी बघितला. बुडाशी लाल असतो हे मला माहीत नव्हतं. सगळं नीट चाललं होतं. मग तू चहाचे कप ठेवायला आत गेलीस. आणि भोरड्या आल्या. वीसेक तरी. तारेवरून एकदम घाणेरीवर उतरल्या.

देवाशपथ सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं. उठलो कधी, हात वर गेला कधी, मला कळलं नाही. गोफण नव्हती म्हणून बरं. मोकळ्या हातानंच फिरवली आणि ओरडलो. एक पाखरू शिल्लक राहिलं नाही. बुलबुलही गेला. झुडूप हलत राहिलं. वळून बघतो तर तू दारात उभी, तोंडावर हात धरून. मला वाटलं, रडतेस. तू काहीतरी बोललीस, मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

दोन वर्षं राबून तू त्यांना बोलावलंस आणि मी एका हाकेत घालवली. आता ती परत येणार नाहीत. पाखरू एकदा भ्यालं की ती जागा सोडतं, हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी तेच करत आलो. तुझ्या त्या अंगणात पुन्हा सामसूम केली. माझ्या रानाची तू भरपाई करायला निघालीस, आणि मी तुझं होतं तेही घालवून आलो. मला पुन्हा बोलावू नकोस. मला तेवढीच एक गोष्ट येते.

आप्पा


दौंड
९ मार्च २०२५

आप्पा,

माफी कसली मागता? मी रडत नव्हते, हसत होते. आणि थोडी रडतही होते, खरं तर.

पाखरं दोन दिवस फिरकली नाहीत, हे खरं. तिसऱ्या दिवशी साळुंकी आली, काल बुलबुल. भोरड्या अजून नाहीत. येतील तेव्हा येतील. तुमच्या ओरडण्यानं शेजारच्या ताईबाई गच्चीवर धावत आल्या होत्या, चोर शिरला म्हणून. चार वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो, पण आमचं बोलणं नव्हतं. तुम्ही गेल्यावर त्या विचारायला आल्या आणि तास दीड तास बसल्या. त्यांनाही चंपाषष्ठीची गोष्ट सांगितली. पुन्हा येते म्हणाल्या, आणि आल्याही.

मी दारात काय बोलले, ते तुम्हाला ऐकू आलं नाही. मी म्हणाले होते, "आणखी एकदा ओरडा."

आप्पा, हे घर घेतल्यापासून ह्या अंगणात मोठ्यानं कुणी बोललेलं नाही. मी एकटी कुणावर ओरडू? पोरांवर ओरडते, तेही जेमतेम. मी बुलबुल मागितले, साळुंक्या मागितल्या, कारण माणसाचा आवाज मागायला लाज वाटत होती. तुम्ही ओरडलात तेव्हा पत्रा दणाणला, ताटाळ्यातली भांडी वाजली. तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू आला नसेल. मला आला, आणि तेवढा वेळ मी एकटी नव्हते.

येत्या रविवारी चौफुल्याला साडेदहाच्या गाडीला उभी राहते. या.

तुमची
सुषमा